दोन तारांचं घर आणि चार थर्मोस्टॅट

आमच्या घराच्या भिंतींवर चार थर्मोस्टॅट आहेत आणि चारही वेगवेगळे. घरी येणारे मित्र हमखास विचारतात, एकसारखे का नाही घेतले? घेतले होते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये, एकाच कंपनीचे, एकाच जातीचे चार स्मार्ट थर्मोस्टॅट. त्यांतला एकच आज भिंतीवर आहे. बाकीचे तीन का उतरवले आणि त्यांच्या जागी काय आलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. अमेरिकेत किंवा कॅनडात गरम पाण्याच्या हिटिंगचं जुनं घर घेणाऱ्या आपल्या मंडळींपैकी अनेकांवर हीच वेळ येते, आणि दुकानातल्या खोक्यावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

घर मॅसॅच्युसेट्समध्ये, बोस्टनच्या पश्चिमेला तासाभरावर. १९७० च्या सुमाराचं, लाकडी, दुमजली. तळघरात गॅसवर चालणारा ओतीव लोखंडाचा बॉयलर. तो पाणी १८० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ८२ सेल्सिअसपर्यंत तापवतो आणि पंप ते घरभर फिरवतो. घराचे चार झोन आहेत, म्हणजे स्वतंत्रपणे तापवता येणारे चार भाग, प्रत्येकाला आपापला थर्मोस्टॅट. खालचा मजला हा पहिला झोन. वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोल्या हा दुसरा. गॅरेजच्या डोक्यावरची खोली, जिथे बसून मी ऑफिसचं काम करतो, हा तिसरा. या तिन्हीकडे बेसबोर्ड आहेत: भिंतीच्या पायथ्याशी आडवी तांब्याची नळी, तिच्यावर दाटीने बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्या आणि वर पत्र्याचं झाकण. चौथा झोन म्हणजे आधीच्या मालकाने मागच्या बाजूला वाढवलेली खोली. तिथे बेसबोर्ड नाही. काँक्रीटच्या जमिनीतच प्लास्टिकच्या नळ्या पुरलेल्या आहेत आणि त्यांतून कोमट पाणी फिरतं. आई-बाबा जळगावहून येतात तेव्हा त्यांची खोली तीच.

बेसबोर्डच्या तिन्ही झोनच्या नळ्यांवर तळघरात एकेक झोन व्हॉल्व्ह आहे. मुठीएवढं पितळी अंग आणि वर डबीत छोटी मोटर. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की मोटर व्हॉल्व्ह उघडते, आणि व्हॉल्व्ह पुरता उघडला की त्याच्यातलाच एक लहान स्विच बॉयलरला पेटायला सांगतो. जमिनीच्या झोनला स्वतःचा छोटा पंप आणि पाणी थंड करून घेणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह आहे.

घर घेतलं तेव्हा खालच्या मजल्यावर हनीवेलचा जुना गोल थर्मोस्टॅट होता, टी८७. हेन्री ड्रायफसच्या हातचं हे डिझाइन १९५३ साली बाजारात आलं आणि अमेरिकेतल्या असंख्य घरांत दशकानुदशकं चाललं. आत द्विधातूची गुंडाळी आणि तिच्यावर पाऱ्याची काचेची कुपी. गुंडाळी थंडीने वळली की कुपी कलते, पारा घरंगळतो आणि दोन तारा जोडल्या जातात. अशा एका कुपीत साधारण तीन ग्रॅम पारा असतो, त्यामुळे तो कचऱ्यात टाकायचा नाही. गावाच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन द्यायचा. मी तसा दिला, पण देताना वाईट वाटलं. त्या वस्तूला बॅटरी नको, वाय-फाय नको, आणि दोन तारांवर ती पन्नास वर्षं चालली होती.

आपल्याकडे थर्मोस्टॅट असतो तो गीझरमध्ये आणि इस्त्रीमध्ये. टक् असा आवाज, लाल दिवा गेला, पाणी तापलं. भिंतीवरचाही तोच प्रकार आहे, आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना समजावून सांगावी लागते. पहिल्या हिवाळ्यात बाबा बाहेरून फिरून आले की आकडा थेट ८० फॅरनहाइटवर नेत. "लवकर तापेल ना," असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, "बाबा, हा नळ नाही, स्विच आहे. तुम्ही ७० ठेवा की ८०, पाणी तेवढंच गरम येणार. फरक एवढाच की ८० वर ठेवलं तर ७० ला थांबणार नाही." बाबांना ते लगेच पटलं. गीझरच्या थर्मोस्टॅटचा स्क्रू त्यांनी स्वतः फिरवलेला आहे.

चार एकसारखे

स्मार्ट थर्मोस्टॅट घेण्यामागे तीन विचार होते. बिल कमी होईल, फोनवरून सगळं दिसेल, आणि आई-बाबा सहा महिने राहणार असल्याने त्यांना रोज भिंतीशी झटावं लागणार नाही. मास सेव्ह ही इथल्या वीज-गॅस कंपन्यांची योजना स्मार्ट थर्मोस्टॅटवर तेव्हा सवलत देत होती, तिचाही मोह होता. खोक्यावर लिहिलं होतं की बहुतेक घरांत सी-तारेची, म्हणजे थर्मोस्टॅटला स्वतःची वीज पुरवणाऱ्या जादा तारेची, गरज नाही. मी एका शनिवारी चारही बसवले.

पहिली तक्रार गॅरेजवरच्या खोलीची आली. तिचा व्हॉल्व्ह रात्री गुणगुणायचा. भिंतीला कान लावला तर ऐकू येईल एवढाच आवाज. मी दुर्लक्ष केलं.

दुसरी खालच्या मजल्याची. थर्मोस्टॅट जिन्याजवळच्या बोळात. घरात कोणी हलताना दिसलं नाही की घर रिकामं आहे असं समजून तो तापमान उतरवायचा. पण घर रिकामं नव्हतंच. मी गॅरेजवरच्या खोलीत मीटिंगमध्ये, आई-बाबा मागच्या खोलीत, बायको आठवड्यातले तीन दिवस वर बसून काम करणारी. बोळात दुपारभर कोणी फिरकायचं नाही, आणि चार वाजता आई चहा टाकायला आली की स्वयंपाकघर गार.

आमच्या पूर्ण हिशेबाचं मूळ इथेच चुकलं होतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला असा की दिवसातले आठ तास तापमान ७ ते १० फॅरनहाइटने खाली ठेवलं तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते. सल्ला बरोबर आहे, पण तो ज्या घरातली माणसं सकाळी आठला बाहेर पडतात त्यांच्यासाठी जास्त उपयोगाचा. आमच्या घरात नोव्हेंबर ते एप्रिल असा एकही तास नसतो की कोणी नाही.

तिसरी तक्रार आईची. "अरे, सकाळी फरशी बर्फासारखी असते आणि दुपारी घाम येतो. हे यंत्र उलटं चालतंय का?" ते उलटंच चाललं होतं. थर्मोस्टॅटने रात्री दहाला मागच्या खोलीचं तापमान ६३ वर आणलं आणि सकाळी सहाला पुन्हा ७० मागितलं. बेसबोर्डची खोली अर्ध्या तासात ऊब धरते. काँक्रीटची जमीन धरत नाही. चार इंचांचा तो थर तापायला कित्येक तास लागतात, आणि एकदा तापला की पंप बंद झाला तरी तो तितकेच तास उष्णता सोडत राहतो. सकाळी सहाची मागणी दुपारी पोहोचायची, तोपर्यंत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आलेलं असायचं, आणि खोली ७७ वर जायची. आई पहाटे पाच वाजता उठून पाटावर बसून पूजा करते. नेमकी तीच वेळ सगळ्यात गार.

चौथी गोष्ट घडली ४ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे. त्या दिवशी बोस्टनमध्ये पारा उणे १० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे २३ सेल्सिअसपर्यंत उतरला होता. साडेचारला मुलगी आमच्या खोलीत आली, "थंडी वाजतेय." वरच्या मजल्याच्या थर्मोस्टॅटचा पडदा काळा. दाबला, फिरवला, काही नाही. तिच्या खोलीतल्या घड्याळावर ५४ फॅरनहाइट. मी तळघरात गेलो, त्या झोनच्या व्हॉल्व्हची बाजूची तरफ हाताने उघड्या खाचेत अडकवली आणि पाणी सुरू केलं. वीस मिनिटांत बेसबोर्ड ताडताड वाजू लागले. तांबं गरम होऊन पसरताना येणारा तो आवाज एरवी त्रासदायक वाटतो. त्या पहाटे बरं वाटलं.

सगळ्यात थंड रात्रीच का बंद पडला

हा प्रश्न मला चैन पडू देईना, कारण उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा थर्मोस्टॅट घेण्यात अर्थ नव्हता. उत्तर तारांमध्ये होतं.

१९७० च्या घरात थर्मोस्टॅटपर्यंत दोनच तारा आणलेल्या असतात. २४ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरची एक बाजू, तिला आर म्हणतात, भिंतीतून वर थर्मोस्टॅटपर्यंत जाते. तिथून डब्ल्यू ही दुसरी तार खाली व्हॉल्व्हच्या मोटरकडे येते आणि मोटरमधून ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला मिळते. मधला थर्मोस्टॅट हा फक्त स्विच. पाऱ्याच्या कुपीला एवढं पुरतं. पण ज्या थर्मोस्टॅटला पडदा आहे, वाय-फाय आहे, त्याला स्वतःलाही वीज लागते. तिसरी तार, म्हणजे सी, नसेल तर तो ती चोरून घेतो. स्विच उघडा, म्हणजे तारा न जोडलेल्या, असताना त्याच्या दोन टोकांमध्ये २४ व्होल्ट असतात; तेव्हा तो व्हॉल्व्हच्या मोटरमधून अगदी थोडा प्रवाह ओढतो आणि आतली बॅटरी भरतो. मोटर फिरत नाही, पण कधी कधी गुणगुणते. गॅरेजवरच्या खोलीचा आवाज तो होता.

आता थंड रात्र घ्या. खोली उष्णता मागते, स्विच दोन तारा जोडतो, वर्तुळ पूर्ण होतं. तारा जोडलेल्या असताना स्विचच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज जवळपास शून्य. म्हणजे ओढायला काही उरलंच नाही. मागणी दहा मिनिटांची असेल तर चालतं, पुढच्या विश्रांतीत बॅटरी भरून निघते. पण उणे १० ला वरच्या मजल्याने संध्याकाळी सातपासून जवळजवळ अखंड मागणी केली होती. जितकी थंडी जास्त, तितकी बॅटरीला उसंत कमी. पहाटे कधीतरी ती संपली, आणि थर्मोस्टॅट मेला तसा व्हॉल्व्ह मिटला. यंत्र नादुरुस्त नव्हतं. त्याला ज्या तारांवर मी बसवलं, त्या तारांवर ते असंच वागणार होतं.

त्यानंतर मी खरेदी थांबवून मोजायला बसलो. एका रविवारी बॉयलरपुढे खुर्ची टाकली, फोनचं स्टॉपवॉच लावलं आणि तासभर फक्त बर्नर कधी पेटतो, कधी विझतो ते लिहिलं. बाहेर २८ फॅरनहाइट होतं. तासात नऊ वेळा पेटला. सगळ्यात लांब पेट अडीच मिनिटांची.

हे वाईट आहे. दर पेटण्याला आधी पंखा हवा काढून टाकतो, ठिणगी पडते, थंड लोखंड तापतं. ती उष्णता धुराड्यातून जाते. आणि झीज वाढते ती वेगळीच. कारण साधं होतं. आमचा बॉयलर पाण्याला तासाला ८०,००० बीटीयूच्या (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक) आसपास देतो. बेसबोर्ड १८० अंशाच्या पाण्यावर फुटामागे साधारण ५५० ते ६०० बीटीयू घेतो. गॅरेजवरच्या खोलीत बारा फूट बेसबोर्ड आहे. म्हणजे ती खोली एकटीच मागत असेल तेव्हा घेणारा ७,००० चा आणि देणारा ८०,००० चा. उरलेली उष्णता जाणार कुठे? पाणी मिनिटा-दीड मिनिटात मर्यादेला पोहोचतं आणि बर्नर विझतो. त्यात चारही थर्मोस्टॅट आपापल्या तालावर मागत होते, एक थांबला की दुसरा.

थर्मोस्टॅट निवडताना कोणी फारसं न सांगणारी गोष्ट ही आहे. त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये तासाला किती आवर्तनं करायची, म्हणजे किती वेळा चालू-बंद व्हायचं, हा आकडा असतो. हनीवेलच्या पत्रकांत वाफेच्या हिटिंगला १, गरम पाण्याला ३, विजेच्या हिटरला ९ असा तो दिलेला असतो. साध्या गरम हवेच्या भट्टीसाठी ५ किंवा ६, आणि अनेक थर्मोस्टॅट कारखान्यातून त्याच आकड्यावर येतात. काहींमध्ये आवर्तनांऐवजी फरक ठरवता येतो: ७० ला थांबलास तर ६९ ला सुरू हो की ६८.५ ला. आमच्या सेलमधल्या थर्मोस्टॅटमध्ये यातलं काहीही बदलता येत नव्हतं. ते स्वतः शिकत होते म्हणे. पण बॉयलरकडे पाहून शिकण्याची सोय त्यांच्यात नव्हती.

त्याच रविवारी आणखी एक शोध लागला. खालच्या मजल्याची मागणी सुरू असताना मी बाकीच्या नळ्यांना हात लावून पाहिला. वरच्या मजल्याची नळीही चटका बसेल इतकी गरम होती, आणि तिचा थर्मोस्टॅट तर बंद. त्या पहाटे मी जी तरफ उघड्या खाचेत अडकवली होती, ती तशीच राहिली होती! दोन आठवडे कोणताही झोन चालू झाला की वरचा मजलाही तापत होता आणि आम्ही म्हणत होतो, बॅटरी पुन्हा भरल्यापासून वर किती छान ऊब असते. झोनच्या घरात थर्मोस्टॅटवर खापर फोडण्याआधी तळघरात जाऊन नळ्यांना हात लावावा. फुकट होतं आणि पाच मिनिटं लागतात.

झोनप्रमाणे निवड

खालच्या मजल्याचा निर्णय सोपा. थर्मोस्टॅटची भिंत तळघराच्या थेट वर आहे. जुन्या दोन तारांना नवी पाच पदरी केबल बांधली, खालून बायकोने ओढ दिली, वरून मी सोडत गेलो, वीस मिनिटांत केबल आली. मग सी-तार जोडायची. इथे एक चूक फार जण करतात, म्हणून स्पष्ट लिहितो. झोन व्हॉल्व्ह असलेल्या घरात बहुधा दोन ट्रान्सफॉर्मर असतात: एक बॉयलरच्या पोटात, एक व्हॉल्व्हसाठी बाहेर. आर ज्या ट्रान्सफॉर्मरची, सी त्याचीच हवी. दुसऱ्याची घेतली तर एक तर थर्मोस्टॅट चालणारच नाही, नाही तर काहीतरी जळेल. ट्रान्सफॉर्मरवर भार किती पडेल तेही पाहिलं. आमचा ४० व्होल्ट-अँपियरचा आहे. एकेक व्हॉल्व्ह ०.३२ अँपियर घेतो, २४ व्होल्टला ७.७, तिन्ही मिळून २३. थर्मोस्टॅटला दोन-तीन. पुरेसं झालं. सेलमधल्या चारांतला एक इथेच राहिला, फक्त त्याचं ‘घर रिकामं आहे’ हे ओळखणं मी कायमचं बंद केलं.

वरच्या मजल्याने सगळ्यात जास्त विचार करायला लावला, कारण तिथे दोन अडचणी एकमेकींत गुंतल्या होत्या. केबल भिंतीत जागोजागी खिळ्यांनी ठोकलेली, ओढता येत नाही. आणि थर्मोस्टॅट जिन्याच्या माथ्यावर, जिथे खालच्या मजल्याची सगळी ऊब वर येऊन त्याच्या नाकाशी थांबते. तो ७० पाहतो आणि समाधानी राहतो, तेव्हा बोळाच्या टोकाच्या मुलीच्या खोलीत ६४ असतं. म्हणजे तिथे कितीही भारी थर्मोस्टॅट लावला तरी तो चुकीच्या जागेचं तापमान अचूक मोजणार. खोलीत ठेवायचे सेन्सर असलेला स्मार्ट थर्मोस्टॅट घ्यावा, तर त्याला सी-तार हवी. काही कंपन्या सी-तारेच्या ऐवजी वापरायचा एक जोड देतात, पण तो चार तारांच्या गरम हवेच्या यंत्रणेसाठी असतो. दोन तारांच्या बॉयलरला चालत नाही. जवळच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा ट्रान्सफॉर्मर हाही पर्याय होता, पण जिन्यावरून भिंतीभर लोंबणारी तार बायकोला मान्य नव्हती, आणि तिचं बरोबर होतं.

शेवटी भिंतीतल्या तारांचा नाद सोडला. रेडिओवर बोलणारी जोडी घेतली. तिचा एक भाग तळघरात व्हॉल्व्हशेजारी, तिथे तिन्ही तारा हाताशी. दुसरा भाग म्हणजे प्रत्यक्ष थर्मोस्टॅट, बॅटरीवर चालणारा, घरात कुठेही लावता येणारा. तो आम्ही बोळाच्या टोकाला, मुलीच्या दाराशेजारी, आतल्या भिंतीवर, जमिनीपासून पाच फुटांवर लावला. बाहेरच्या भिंतीवर नाही, उन्हात नाही, बेसबोर्डच्या डोक्यावर नाही. जुन्या जागेचं भोक पुट्टीने बुजवलं. हे भोक कोणी बुजवत नाही, आणि भिंतीच्या पोकळीतली गार हवा त्यातून येऊन थर्मोस्टॅटच्या पाठीला लागत राहते. या जोडीत आवर्तनांचा आकडा ३ वर ठेवता आला. बॅटरी संपायच्या दोन महिने आधी तो सांगायला लागतो.

गॅरेजवरच्या खोलीसाठी सगळ्यात साधा घेतला. दोन तारा, दोन बॅटऱ्या, वाय-फाय नाही, पण तापमानाचा फरक ठरवता येतो. तो दीड फॅरनहाइटवर ठेवला, म्हणजे खोली मागेल तेव्हा जरा जास्त वेळ मागेल आणि कमी वेळा मागेल. रात्री तिथे कोणी नसतं, तरी ६० च्या खाली नेत नाही. त्या खोलीची नळी बाहेरच्या भिंतीलगत आणि खाली थंड गॅरेज. पाणी फार वेळ थांबलं तर गोठेल, आणि गोठलेली नळी फुटली की थर्मोस्टॅटची सगळी बचत एका दुपारी जाते.

मागच्या खोलीचा थर्मोस्टॅट काढला तेव्हा पेटीत मागे दुमडून ठेवलेल्या दोन बारीक तारा दिसल्या. बॉयलरकडून आलेल्या पाच पदरी केबलच्या नव्हत्या. खाली जमिनीकडे जात होत्या. मल्टिमीटर लावला: १२ हजार ओहमच्या आसपास. खोलीत तेव्हा ७० फॅरनहाइट होतं. दुपारी जमीन गरम झाल्यावर पुन्हा मोजलं तर नऊ हजारांपर्यंत उतरलेलं. २५ सेल्सिअसला १० हजार ओहम दाखवणारा तापमानाचा सेन्सर नेमका असा वागतो. आधीच्या मालकाने काँक्रीट ओतताना जमिनीत सेन्सर घातला होता आणि पुढे कोणीतरी साधा थर्मोस्टॅट लावून त्याच्या तारा दुमडून ठेवल्या होत्या. ज्याने तो घातला त्याला काम कळत होतं.

मग निवड स्पष्ट झाली. जमिनीचा सेन्सर वाचणारा थर्मोस्टॅट घेतला. तो खोलीच्या हवेचंही बघतो आणि जमीन ठरलेल्या तापमानाच्या खाली जाऊ देत नाही, वरही जाऊ देत नाही. रात्री उतरवणं पूर्ण बंद. काँक्रीटच्या जमिनीला रोज थंड करून रोज तापवण्यात काही मिळत नाही. ती एका ठिकाणी शांत ठेवली की सगळ्यात चांगली चालते. पडद्यावर सेल्सिअस लावलं, मोठे आकडे, दोनच बटणं. आई २२ वर ठेवते. पहाटे पाटावर बसली की म्हणते, चुलीपाशी बसल्यासारखं वाटतं.

बॉयलरच्या गॅसच्या आणि आतल्या भागाला मी हात लावला नाही. परवानाधारक तंत्रज्ञ बोलावला आणि त्याच्याकडून पाण्याच्या तापमानाचा फरक १० वरून २० फॅरनहाइट करून घेतला, म्हणजे पाणी १८० ला पोहोचून विझलेला बर्नर ते १६० ला उतरल्यावर पुन्हा पेटेल. थर्मोस्टॅटच्या आवर्तनांपेक्षा या एका फिरकीचा परिणाम कदाचित मोठा असेल. दोन्ही एकाच आठवड्यात केल्याने श्रेय वेगळं काढता येत नाही.

पुढच्या हिवाळ्यात, पुन्हा २८ फॅरनहाइटच्या एका दिवशी, तीच खुर्ची, तेच स्टॉपवॉच. तासात चार वेळा. सगळ्यात लांब पेट साडेसहा मिनिटं.

गॅसचं बिल मात्र फारसं उतरलं नाही, थोडं उतरलं असेल. सहा माणसांच्या वावराच्या घरात, जिथे कोणताच झोन कधी पूर्ण बंद नसतो, तिथे थर्मोस्टॅटकडून मोठ्या बचतीची अपेक्षा ठेवणंच चूक होतं. पैसे वाचवायचे असतील तर गॅरेजच्या छतात इन्सुलेशन भरणं जास्त फळेल, आणि ते काम आता यादीत वर आहे.

थर्मोस्टॅटच्या आयुष्याचा मुद्दाही मी आता खरेदीआधी विचारतो. गूगलने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटना फोन अ‍ॅपचा आधार देणं थांबवलं. भिंतीवर ते चालतात, पण फोनवरून चालवता येत नाहीत. पहिली पिढी २०११ ची. चौदा वर्षं फोनच्या हिशेबाने खूप, भिंतीच्या हिशेबाने फारच कमी. म्हणून ज्या झोनला फोनची खरी गरज नाही, तिथे फोनवर अवलंबून असलेली वस्तू लावायची नाही असं ठरवलं. आमच्याकडे ती गरज फक्त खालच्या मजल्याला होती: प्रवासात असताना घर गोठत तर नाही ना, हे पाहायला.

एक गोष्ट थर्मोस्टॅटने सुटली नाही. रात्री उशिरा गॅरेजवरची खोली एकटीच मागते तेव्हा बर्नर अजूनही दोन-तीन मिनिटांत विझतो. गेल्या जानेवारीत बाहेर ५ फॅरनहाइट असताना मी पुन्हा तासभर मोजलं. त्या थंडीतही बर्नर ६० पैकी २६ मिनिटंच जळला. म्हणजे एवढ्या थंडीला घराची गरज तासाला ३५,००० बीटीयूच्या आसपास आणि बॉयलर ८०,००० चा. दुपटीहून मोठा. हा बॉयलर थकेल तेव्हा नवा घेताना विक्रेता जुन्यावरचा आकडा पाहून तेवढाच सुचवेल. तो आल्यावर दाखवता यावा म्हणून २६ मिनिटांचा तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी बॉयलरच्या बाजूला चिकटवून ठेवला आहे. त्याच्याशेजारी तारांच्या रंगांची यादी, आणि चारही झोनच्या नळ्यांवर आईच्या अक्षरातल्या पट्ट्या: खाली, वर, गॅरेज, आमची खोली.